उन्हाळी शिबिर की आठवड्याचा गट?

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठात एमएस्सी गणिताला आलेल्या मुलींना, मुस्लिम आणि दलित घरांतल्या पोरांना आधार द्यायचा तो कसा?

१९९३ पासून चालत आलेलं एमटीटीएससारखं (गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचा देशपातळीवरचा प्रशिक्षण कार्यक्रम) उन्हाळी शिबिर ही एक वाट. तिथे प्रश्न विचारून विचारून शिकवतात, पाठांतराची सवय मोडते. पण चार आठवडे परगावी राहायला मुलीला घरून परवानगी मिळवणं सोपं नाही.

दुसरी वाट विभागातलीच: दर आठवड्याला एकत्र बसून गणितं सोडवणं. १९७०च्या दशकात अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात गणितज्ञ उरी ट्राइसमन यांना दिसलं, की कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाला कमी नव्हते, ते एकेकटे अभ्यास करत होते. त्यांनी गट बांधले, मुद्दाम अवघड गणितं दिली आणि कॅल्क्युलसचे निकाल सुधारले. आपल्याकडेही फलन एखाद्या बिंदूपाशी तुटत नाही, म्हणजे संतत आहे, हे सांगणारी एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या तोंडपाठ असलेली मुलगी ‘क्ष वर्ग हे फलन २ पाशी संतत आहे, सिद्ध कर’ म्हटलं की अडते. शेजारची म्हणते, ‘अगं, आधी डेल्टा १ पेक्षा लहान धर,’ आणि पुढचं सुटत जातं.

माझं मत गटालाच. शिबिराचा अर्जही मग तिथेच बसून भरता येईल. फक्त वेळ दुपारची ठेवा. गावाकडची शेवटची एसटी चुकली, तर पुढच्या आठवड्यात मुलगी येणार नाही.