लिनक्सवर स्पीकरचा आवाज आणि पाईपवायर: बरेच महिने रोज वापरल्यावर

आधी निकाल सांगते. पाईपवायर (लिनक्समध्ये आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेला लिनक्स डेस्कटॉप रोज वापरतेय त्याला आता बरेच महिने झाले, मीटिंगा, गाणी, व्हिडिओ, ब्लूटूथ हेडफोन सगळं त्याच्यावरच चालू आहे आणि मी खूश आहे, परत जुन्याकडे जाणार नाही. या काळात स्पीकरचा आवाज गेला असं झालंय, एकदा नाही अनेकदा, पण दर वेळी कारण वेगळ्याच ठिकाणी निघालं आणि पाईपवायरचा त्यात बहुतेक वेळा काही संबंध नव्हता. त्यामुळे हा रिव्ह्यू जितका पाईपवायरचा आहे तितकाच आवाज गेल्यावर कुठून बघायला सुरुवात करायची याचा पण आहे, कारण आवाज येत नाही म्हणून लोक सरळ फॉरमॅट मारून नवीन ओएस टाकतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं, त्याची गरज जवळजवळ कधीच नसते.

माझ्याकडे इंटेलवाला लॅपटॉप आहे, त्याला एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला असतो, आणि एक जुना डेस्कटॉप आहे ज्याच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये साधे स्पीकर लावलेत. दोन्हीवर पाईपवायर.

लिनक्समध्ये आवाज एका थरातून येत नाही हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं. सगळ्यात खाली कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, अल्सा, म्हणजे ड्रायव्हर, तोच साउंड चिपशी बोलतो. त्याच्यावर साउंड सर्व्हर, जो ब्राउझर, प्लेअर, मीटिंगचं अ‍ॅप या सगळ्यांचा आवाज एकत्र करून खाली पाठवतो. हे काम आधी पल्सऑडिओ करायचं, आता पाईपवायर करतं. रेड हॅटमधल्या विम टायमन्स यांनी ते सुरू केलं, २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने आवाजासाठी तेच डीफॉल्ट केलं, २०२२ मध्ये उबुंटू २२.१० ने, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० व्हर्जन आली. यात अजून एक नाव लक्षात ठेवा, वायरप्लंबर. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जोडायचा, डीफॉल्ट कोण, आधीचा व्हॉल्यूम किती होता, हे सगळं पाईपवायर नाही तर वायरप्लंबर ठरवतं आणि लक्षात ठेवतं. आणि पल्सऑडिओसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम बंद पडत नाहीत कारण पाईपवायर-पल्स नावाचा भाग त्यांना पल्सऑडिओसारखंच उत्तर देतो. टर्मिनलमध्ये 'पॅक्टीएल इन्फो' मारलं की सर्व्हरच्या नावापुढे पल्सऑडिओ आणि कंसात ऑन पाईपवायर असं दिसतं, ते दिसलं म्हणजे नवीनच सिस्टिम चालू आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता आवाज गेला. पहिलं काम म्हणजे साउंड सेटिंग उघडा आणि आउटपुटच्या यादीत काय दिसतंय ते बघा. तिथे फक्त 'डमी आउटपुट' दिसत असेल तर साउंड सर्व्हरला खाली एकही वापरता येणारं कार्ड मिळालेलं नाही, मग व्हॉल्यूम वरखाली करत बसण्यात काही अर्थ नाही, गडबड ड्रायव्हरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये (चिपमध्ये चढवायचा छोटा प्रोग्रॅम) असायची शक्यता जास्त. आणि स्पीकरचं नाव नीट दिसतंय, गाणं लावल्यावर लेव्हलची पट्टी पण हलतेय, तरी आवाज नाही, तर कार्ड सापडलंय आणि मामला म्यूटचा, चुकीच्या आउटपुटचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा आहे. या एका गोष्टीने अर्धी शोधाशोध वाचते आणि मी कोणालाही मदत करताना पहिला प्रश्न हाच विचारते.

डमी आउटपुटचा प्रसंग माझ्या लॅपटॉपवर नवीन डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच, फेडोरा किंवा उबुंटूसारखा) टाकल्या टाकल्या आला. 'एप्ले -एल' ही कमांड अल्साला सापडलेली कार्डं दाखवते, तिने सांगितलं की एकही साउंडकार्ड नाही, आणि तरी 'एलएसपीसीआय' मध्ये, म्हणजे मशीनमधलं हार्डवेअर दाखवणाऱ्या कमांडमध्ये, इंटेलचं ऑडिओ डिव्हाइस व्यवस्थित दिसत होतं. म्हणजे चिप आहे, ड्रायव्हर उभा राहत नाहीये. मग 'डीमेसेज' चं आउटपुट, म्हणजे कर्नलच्या नोंदी, काढलं आणि त्यात एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर) शोधलं तर स्वच्छ लिहिलेलं, फर्मवेअरची फाइल मिळत नाही. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये माइक डिजिटल असतात आणि ते ऑडिओच्या डीएसपीला (आवाजावर प्रक्रिया करणारा चिपचा भाग) जोडलेले असतात, असा माइक दिसला की कर्नल जुना एचडीए ड्रायव्हर सोडून साउंड ओपन फर्मवेअरवाला ड्रायव्हर निवडतो, आणि त्या ड्रायव्हरला डीएसपीत चढवायला एक वेगळी फाइल लागते. ती फाइल नसली की नुसता माइकच नाही, स्पीकर पण जातो. पॅकेजचं नाव प्रत्येक डिस्ट्रोत वेगळं आहे, आर्चमध्ये एसओएफ-फर्मवेअर, फेडोरात अल्सा-एसओएफ-फर्मवेअर, डेबियनमध्ये फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड. डेबियनवाल्यांनी बघायचं ते हे की ते नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात आहे, डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर येतं पण जुन्या व्हर्जनवरून अपग्रेड करत आलेल्या मशीनच्या सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी) तो विभाग नसू शकतो. मी पॅकेज टाकलं, मशीन पूर्ण बंद करून चालू केलं, आवाज आला.

याच बाबतीत एक शॉर्टकट सगळीकडे फिरतो, मॉडप्रोबच्या फाइलमध्ये (ड्रायव्हरची सेटिंग ठेवायची जागा) डीएसपी-ड्रायव्हर बरोबर १ लिहायचं, म्हणजे कर्नल जबरदस्ती जुना ड्रायव्हर घेतो. त्याने बरेचदा स्पीकर चालू होतो हे खरंय, पण डिजिटल माइक गायब होतो, आणि हे सांगणारे ते सांगत नाहीत, मग माणूस दोन आठवड्यांनी मीटिंगमध्ये बसतो आणि आपला आवाज समोर का जात नाही याचं कारण शोधत बसतो. तपासण्यापुरतं ठीक आहे, कायमचं ठेवू नका.

दुसरा प्रकार, जो मला वाटतं सगळ्यात जास्त लोकांना होतो, म्हणजे कार्ड दिसतंय पण खाली अल्सामध्ये काहीतरी म्यूट आहे. डेस्कटॉपवरचा स्लायडर शंभरवर असतो म्हणून माणूस तिकडे बघतच नाही. यासाठी 'अल्सामिक्सर' उघडा. पहिल्यांदा उघडलं की एकच मास्टरची पट्टी दिसते आणि लोक म्हणतात इथे तर सगळं ठीक आहे, पण ती पाईपवायरची पट्टी असते, खऱ्या कार्डाची नाही. एफ६ दाबा, यादीतून एचडीए इंटेल किंवा एसओएफ नावाचं कार्ड निवडा, मग खऱ्या पट्ट्या दिसतात, मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम. प्रत्येक पट्टीच्या खाली चौकोनात दोन अक्षरं असतात, दोन एम असले तर ते म्यूट आहे आणि दोन ओ असले तर चालू. बाणाने त्या पट्टीवर जायचं, कीबोर्डवर एम दाबायचं, एमचे ओ होतात, मग वरच्या बाणाने लेव्हल वाढवायची. माझ्या डेस्कटॉपवर मास्टर चालू होता आणि बाजूच्या स्पीकरच्या पट्टीखाली दोन एम बसलेले, एवढंच. उजवीकडे सरकत गेलात की शेवटाकडे ऑटो-म्यूट मोड पण सापडेल. हेडफोन लावला की स्पीकर बंद करायचं काम त्याचं, पण जॅकमधला सेन्सर खराब झाला किंवा जॅकमध्ये कचरा गेला की कार्डाला सतत वाटतं हेडफोन लावलेलाच आहे आणि स्पीकर कधी उघडतच नाही. ते डिसेबल करून बघा, आवाज आला तर कारण सापडलं. सेटिंग टिकत नसेल तर सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, 'अल्साक्टीएल स्टोअर' मारा, एरवी लागत नाही.

थर वेगळा करायची अजून एक युक्ती म्हणजे 'स्पीकर-टेस्ट', चॅनेल दोन देऊन. आधी साधी चालवायची, मग थेट कार्डाचं नाव देऊन. थेट कार्डावर आवाज आला आणि साध्या कमांडला नाही आला तर खालचं सगळं ठीक आहे, वरच्या सर्व्हरकडे बघा. थेट चालवताना डिव्हाइस बिझी असं आलं तर कार्ड पाईपवायरने धरलेलं असतं, एक दहा सेकंद सगळं बंद ठेवून परत चालवा, ते आपोआप सोडतं.

मॉनिटर लावणाऱ्यांसाठी एचडीएमआय. केबल जोडली की आवाज मॉनिटरकडे जातो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसले तर शांतता. सेटिंगमधून आउटपुट बदला, वायरप्लंबर ते पुढच्या वेळी लक्षात ठेवतं, माझ्याकडे नीट ठेवतं. यादीत स्पीकर दिसतच नसेल तर पॅवूकंट्रोल (आवाजाच्या सेटिंगचं अ‍ॅप) टाकून कॉन्फिगरेशनच्या टॅबमध्ये प्रोफाइल बघा, तिथे फक्त एचडीएमआयचं प्रोफाइल निवडलेलं असलं की लॅपटॉपचा स्पीकर यादीतून जातो, किंवा प्रोफाइल चक्क ऑफ असतं.

वापरात जी गोष्ट मला खरंच खुपली ती आवाज पूर्ण जाण्याची नाही, सुरुवात कापली जाण्याची. मेसेज आला की छोटी टिंग वाजायला हवी, ती ऐकूच यायची नाही, किंवा गाण्याचा पहिला शब्द खाल्लेला आणि आधी एक टप असा आवाज. हे होतं कारण काही वाजत नसेल तर वायरप्लंबर साधारण ५ सेकंदांनी आउटपुट झोपवतं, त्यानंतर कर्नलचा ड्रायव्हर पण कोडेकची (साउंड चिपची) पॉवर बंद करू शकतो, आणि परत जागं व्हायला लागणारा वेळ त्या छोट्या आवाजापेक्षा जास्त असतो. लोकांना वाटतं नोटिफिकेशनचा साउंडच बिघडलाय. वायरप्लंबरच्या कॉन्फिगमध्ये सस्पेंड-टाइमआउट शून्य केलं आणि एसएनडी-एचडीए-इंटेल मॉड्यूलला, म्हणजे कर्नलच्या साउंड ड्रायव्हरला, पॉवर-सेव्ह शून्य दिलं की थांबतं. बॅटरी थोडी जास्त जाते, डेस्कटॉपवर तो प्रश्नच नाही म्हणून तिथे मी कायमचं केलंय, लॅपटॉपवर फक्त वायरप्लंबरचं केलं आणि तेवढ्यावर भागलं.

विंडोज पण शेजारी असेल तर एक बघाच. विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं की काही मशीनवर साउंड चिप विंडोजने सोडलेल्या अवस्थेतच राहते आणि लिनक्सचा ड्रायव्हर तिला नीट उठवू शकत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, मशीन पूर्ण शटडाउन करा, मग चालू करा. आवाज कधी असतो कधी नसतो असं असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

जुने सल्ले अजून फिरतायत त्यांच्यापासून सांभाळा हे मी अगदी मनापासून सांगते. स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये टाका असं सांगतात, आता लॉगिन केलेल्या युजरला साउंडची परवानगी सिस्टिमडी (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारा भाग) आपोआप देतं, त्या ग्रुपची गरज नाही. सुडो लावून साउंड सर्व्हर रीस्टार्ट करा सांगतात, पाईपवायर युजरच्या नावाने चालतं म्हणून सुडोने उपयोग होत नाही, सुडो न लावता 'सिस्टिमक्टीएल --युजर रीस्टार्ट' आणि पुढे पाईपवायर, पाईपवायर-पल्स, वायरप्लंबर अशी तिन्ही नावं द्यायची, हे मात्र खरंच कामाचं आहे, ब्लूटूथ अडकलं तर पण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पल्सऑडिओ पर्ज करा (मुळासकट काढा) असं सांगतात, काही डिस्ट्रोत त्याच्यासोबत डेस्कटॉपचं मेटा-पॅकेज (पूर्ण डेस्कटॉप एकत्र बांधणारं पॅकेज) पण निघतं. काढायच्या आधी पॅकेज मॅनेजर काय काय काढणार म्हणतोय ती यादी वाचा. वायरप्लंबरनेच काहीतरी उलटसुलट लक्षात ठेवलं असेल तर होम फोल्डरच्या डॉट लोकल, स्टेटमधलं वायरप्लंबर नावाचं फोल्डर बाजूला हलवा आणि रीस्टार्ट करा, सगळ्या सेटिंग नव्याने बनतात.

आवडलेलं बाकी पटकन सांगते. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर आणि आवाज दोन्ही पाईपवायरमधूनच जातं आणि नीट जातं, ब्लूटूथवर कोडेक (इथे आवाज दाबून पाठवायची पद्धत) बदलता येतो, आणि 'डब्ल्यूपीक्टीएल स्टेटस' मध्ये सगळं एका पानावर दिसतं, डीफॉल्ट आउटपुटसमोर चांदणी असते.

एक बाब आपल्या हातात नसते ती पण सांगायला हवी. काही नवीन लॅपटॉपमध्ये स्पीकरला वेगळे अ‍ॅम्प्लिफायर असतात, सिरस लॉजिकचा सीएस३५एल४१ वगैरे, हेडफोनवर मस्त आवाज आणि स्पीकर मुका किंवा एकदम पातळ, असं असेल तर तुमच्या मॉडेलची माहिती कर्नलमध्ये अजून नसण्याची शक्यता आहे. नवीन कर्नलवाल्या डिस्ट्रोची लाइव्ह यूएसबी लावून बघा, इन्स्टॉल न करता. तिथे आवाज आला तर फक्त कर्नल अपडेट करायचा. तिथे पण नाही आला तर 'अल्सा-इन्फो' ही स्क्रिप्ट चालवा, ती कार्ड, कोडेक, पिना, मिक्सर सगळ्याची एक फाइल बनवते, ती जोडून कर्नलच्या लोकांना बग टाका आणि लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव लिहा, नुसतं आवाज येत नाही एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही.