बिलात सोळा टन डांबर, रस्त्यात आठही नाही

बडोद्यात मांजलपूरला आमची सोसायटी आहे. आतला रस्ता ४०० मीटर लांब, ६ मीटर रुंद. जुन्या रस्त्यावर ४० मिलिमीटरचा डांबरी थर घालायचं ठरलं. मी कमिटीत खजिनदार, त्यामुळे सगळे कागद माझ्या हातून गेले. इतर सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांनी हे पैसे देण्याआधी वाचावं, म्हणून लिहिते आहे.

कंत्राटदारानं खडी, यंत्रं आणि मजुरीचा दर चौरस मीटरवर दिला, पण डांबर वेगळं ठेवलं. "बेन, डांबराचा भाव १ तारखेला आणि १६ तारखेला बदलतो. उगाच वाढवून कशाला लावू? लागेल तेवढं खरेदीच्या बिलाप्रमाणे द्या." भाव तसा पंधरवड्याला बदलतो हे खरंच आहे. म्हणून ही अट कुणाला खटकत नाही, आणि सगळी चोरी या एका ओळीतून होते.

अंदाजपत्रकात डांबर १६ टन. पुराव्याला रिफायनरीचं बिल, बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीच्या गेटपासचा फोटो, वजनकाट्याची पावती. हे कागद खोटे नव्हते. टँकर खरोखरच कोयलीहून निघाला होता, पण तो रिकामा झाला हॉटमिक्स प्लांटच्या, म्हणजे खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या कारखान्याच्या, टाकीत, आणि त्या टाकीतून आणखी किती तरी रस्त्यांना माल जात होता. आमच्या वाट्याला किती आलं हे त्या बिलावरून कळणं शक्यच नाही. तेच बिल आणखी कुणाकुणाला दाखवलं असेल, देव जाणे.

पहिल्याच पावसाळ्यात खडी सुटायला लागली. पार्किंगच्या वळणावर तर थर पापुद्र्यासारखा निघाला. आमच्या शेजारचे काका आर अँड बी, म्हणजे रस्ते आणि इमारती खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी अंदाजपत्रक मागून घेतलं आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून विचारलं, "हे १२० घनमीटर कुठून आलं गं?"

क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर. त्यावर ४० मिलिमीटर म्हणजे ९६ घनमीटर. कंत्राटदारानं मात्र जाडी ५० धरली होती. कारण लिहिलं होतं, रोलरखाली माल दबतो म्हणून सुटा थर जास्त टाकावा लागतो. ते बरोबरच आहे. पण पुढे त्या सुट्या जाडीला त्यानं घनता लावली दाबलेल्या मालाची, घनमीटरला २.४ टन. सुटा माल हलका असतो, म्हणून तर तो दबतो! जाडी सुटी धरली तर वजनही सुट्या मालाचं धरायला हवं. नाहीतर दोन्ही दाबलेल्या मालाचं धरायचं, आणि रीत तीच आहे.

त्याचा हिशोब असा होता: १२० गुणिले २.४ म्हणजे २८८ टन मिश्रण, त्याच्या ५.४ टक्के साडेपंधरा टन डांबर, वर तीन टक्के नासधूस, झाले १६ टन. काकांनी ९६ घनमीटर धरून मांडलं तेव्हा २३० टन मिश्रण आणि नासधूस धरूनही १२.८ टन डांबर आलं. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच तीन टनांहून जास्त डांबर कागदावर वाढवलेलं होतं. ५.४ टक्के हा आकडा मात्र योग्य. आमच्या थरातल्या जातीच्या बिट्युमिनस काँक्रीटला, म्हणजे खडी-डांबराच्या मिश्रणाला, केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकात तेवढं किमान लागतं, आणि तेही एकूण मिश्रणाच्या वजनावर. हाच टक्का नुसत्या खडीच्या वजनावर लावणारेही असतात, मग रस्त्यात डांबर कमी पडतं. त्याखेरीज टॅक कोटचं इमल्शन (नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून आधी फवारतात ते पाण्यात मिसळलेलं डांबर), चौरस मीटरला पाव किलोच्या हिशोबानं ६०० किलो, आम्हाला डांबराच्याच भावानं लावलं होतं. त्यात बराच भाग पाणी असतं.

काका म्हणाले, कागद पुरे झाला, आता रस्ता कापा. खासगी प्रयोगशाळेकडून कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेले गोल नमुने, काढून घेतले. सरासरी जाडी ३१ मिलिमीटर, कडेला त्याहून कमी. डांबर वेगळं काढून मोजलं तर ४.६ टक्के. घनता २.३. या तिन्ही आकड्यांवरून रस्त्यात १७१ टन मिश्रण आणि डांबर आठ टनांच्या आत. सोसायटीनं पैसे दिले सोळा टनांचे. यात पेन्शनवर जगणाऱ्या घरांचीही वर्गणी आहे, आणि त्याचा संताप मला अजून आवरत नाही.

कंत्राटदाराचं उत्तर, "थोडंफार कमी-जास्त होतंच बेन." नंतर फोन उचलणं बंद. प्रयोगशाळेचे अहवाल जोडून आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे.

लहान कामावर डांबर टँकरनं थेट डांबर तापवायच्या बॉयलरला येत असेल, तर काकांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. टँकरमध्ये पट्टी बुडवून लिटर मोजतात आणि १.०२ नं गुणून किलो सांगतात. ती घनता थंड डांबराची. १६० अंशाला डांबर फुगलेलं असतं. अशा १०,००० लिटरचं बिल १०,२०० किलोचं होतं, प्रत्यक्षात हातात पडतं सुमारे ९,३०० किलो. काट्यावर भरलेला आणि रिकामा टँकर तोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

मागच्या गेटकडचा रस्ता अजून व्हायचा आहे. त्याच्या करारात डांबर वेगळं ठेवलेलं नाही. दर आहे तो दाबलेल्या जाडीच्या चौरस मीटरवर, डांबराच्या टक्क्यासकट. प्रत्येक डंपर आम्ही सांगू त्या काट्यावर भरलेला आणि रिकामा तोलायचा, माल अंथरताना १४० अंशांच्या खाली नसावा, नमुना पेव्हरसमोरून (माल अंथरणारं यंत्र) आमच्या माणसानं उचलायचा. शेवटचा हप्ता कोअरचा अहवाल आल्यावर. या अटी वाचून दोघा कंत्राटदारांनी दरपत्रकच दिलं नाही. तिसऱ्यानं दिलं आहे, आणि काका सध्या त्याचे आकडे तपासत आहेत.