स्काउट पथकाचे निरोप: विकतचं ॲप, व्हॉट्सॲप आणि खिशातली चिठ्ठी

अमळनेरात माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि रिचार्जचं दुकान आहे. मुलगा सातवीत आहे, शाळेच्या स्काउट पथकात. ‘फोनमधलं तुम्हाला कळतं’ एवढ्या एका कारणावरून स्काउटच्या सरांनी पथकाच्या निरोपांचं काम माझ्या गळ्यात घातलं. त्यामुळे निरोप घेणारा पालकही मीच आणि पाठवणाराही मीच. शाळेनं त्यासाठी वर्षाची वर्गणी भरून एक ॲप घेतलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण अशी ॲपं बाजारात ढिगानं आहेत आणि बहुतेकांचा साचा एकच. ज्यांच्या शाळेत असा विक्रेता लॅपटॉप उघडून बसलाय, त्यांनी चहा होईपर्यंत हे वाचून घ्यावं.

ॲपचं चांगलं आधी सांगतो. वर्षभराचं वेळापत्रक एका जागी दिसतं: ७ नोव्हेंबरचा ध्वजदिन, २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन, सोपानच्या म्हणजे स्काउटच्या पायऱ्यांच्या चाचण्या, खरी कमाई म्हणजे मुलांनी कामं करून पैसे मिळवायचा उपक्रम, जिल्ह्याचं शिबिर. शिबिराचे पैसे भरले की पावती तिथंच. आणि एका पालकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. गाइडच्या मुलींच्या आयांचे नंबर शंभर जणांसमोर उघडे पडले, की रात्री अकराला ‘हाय’ येतो. दुकानात नंबर ब्लॉक करून घ्यायला येणाऱ्या बाया मी बघतो, म्हणून सांगतोय.

आता दुसरी बाजू. ॲपमध्ये शिरायला ओटीपी लागतो, आणि तो येतो दाखल्याच्या वेळी शाळेत लिहून दिलेल्या नंबरावर. तो नंबर बापाचा. आपल्याकडे बाप कुठं असतो? निम्मे सुरतला. उधना, लिंबायत, पांडेसरा. कुणी लूमवर, कुणी डाइंगमध्ये. इकडे आई ॲप उघडून बसलेली, तिकडे ओटीपी आलाय आणि बाप मशीनवर. त्याला फोनची रिंग ऐकू यायची नाही. त्यानं सुट्टीत फोन बघितला तोवर ओटीपी मेलेला. हे चक्र दोनदा फिरलं की बाई म्हणते, ‘ऱ्हाऊ दे भाऊ, सरले विचारी लिसू.’ म्हणजे राहू दे, सरांनाच विचारून घेऊ.

त्यात ॲपची भाषा. निरोप मराठीत टाइप करता येतो, पण वरची ओळ त्यांची ठरलेली, इंग्रजीतली: ‘ॲक्टिव्हिटी रिशेड्यूल्ड’. म्हणजे काय, रद्द झालं का? आणि तारीख अमेरिकेच्या वळणाची, महिना आधी. ०२/०३ हे दोन मार्च की तीन फेब्रुवारी, यावर गेटाबाहेर दोन आयांचं चांगलंच वाजलं होतं.

तिसरी गोष्ट दुकानदार म्हणून सांगतो, विक्रेता ती सांगणार नाही. स्वस्तातले अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागं चालणारी ॲपं झोपवून टाकतात. जे ॲप रोज उघडलं जात नाही, त्याचं नोटिफिकेशन मग उशिरा येतं किंवा येतच नाही. स्काउटचं ॲप रोज कोण उघडणार? आठवड्याचा एक तास तर असतो. वर मेमरी भरलेली. लग्नाचे व्हिडिओ, नाचाचे व्हिडिओ, भजनं. फोन हँग होतो म्हणून माझ्याकडे आणतात, आणि ‘कोणतं काढू?’ म्हणून विचारलं की लग्नावर कुणी बोट ठेवत नाही. बोट पडतं शाळेच्या ॲपवर.

याचा झटका बसला पद्मालयच्या हाइकच्या, म्हणजे पायी सहलीच्या वेळी. एरंडोलजवळचं पद्मालय म्हणजे तळ्यात कमळं, देवळात गणपतीच्या दोन मूर्ती, एक उजव्या सोंडेची आणि एक डाव्या. मुलांना ठिकाण आवडतं, सरांना चालण्याची वाट आवडते. आदल्या संध्याकाळी निघायची वेळ सकाळच्या साडेसातवरून साडेसहावर आणली. ॲपवर बदल टाकला, पडद्यावर सगळ्यांना ‘पाठवले’ असं हिरवं दिसलं. पहाटे गेटवर निम्मी पोरं. एका पोराचा बाप उधन्यात रात्रपाळीला होता, त्याला तो निरोप दिसला. त्यानं अमळनेरला शेजारच्या आप्पांना फोन लावला, आप्पांनी दार वाजवलं, आईनं पोराला उठवून हातात भाकर दिली आणि मोटारसायकलवर पाठवलं. म्हणजे अमळनेरचा निरोप अमळनेरातच, पण सुरतवरून फिरून. बाकीच्यांचं काय झालं ते सांगायला नको. सरांनी गाडी थांबवून घरोघर फोन केले आणि ऊन चढल्यावर पथक निघालं.

कंपनीला फोन केला. उत्तर आलं, ‘आमच्या बाजूनं डिलिव्हर झालाय.’ बरोबर आहे भो, झालाय. सुरतला झालाय.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो. पोरगं निघायच्या वेळी घरात जे माणूस असतं, त्याला कळलं का? बहुतेक घरी ते माणूस म्हणजे आई, नाहीतर आजी. तिच्या हातात कोणता फोन आहे, त्यात रिचार्ज कोणतं आहे आणि ती वाचते की ऐकते, यावर सगळं ठरतं.

व्हॉट्सॲपवर आम्ही आधी साधा ग्रुप काढला होता. तो आठ दिवसांत सुप्रभातात बुडाला. कापसाचे भाव, कुणाची हरवलेली म्हैस, वाढदिवसाचे केक, आणि मध्ये कुठंतरी ‘उद्या स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) घालून येणे’. मग सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं. ही सोय २०१८ पासून आहे, तरी अजून निम्म्या शाळांच्या ग्रुपांना ती ठाऊक दिसत नाही. पुढं व्हॉट्सॲपवर कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एका छताखाली आणायची सोय आली, तिच्या घोषणा ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गाइडच्या आयांची अडचण त्यानं सुटली, आणि ॲपचा जो एक मोठा गुण होता तो इथं फुकटात मिळाला.

ब्रॉडकास्ट यादी बऱ्याच जणांना आवडते, कारण निरोप खासगी आल्यासारखा वाटतो. एका यादीत २५६ नंबर बसतात, पथकाला ते पुरून उरतात. पूर्ण भरलेलं पथकच ३२ मुलांचं. अट अशी की समोरच्यानं आपला नंबर फोनमध्ये जतन केलेला हवा, नाहीतर निरोप जात नाही. म्हणून पालकसभेत प्रत्येकाचा फोन हातात घेऊन ‘स्काउट सर’ नावानं नंबर टाकून द्यायचा. यात लाजायचं नाही, बाया स्वतःहून फोन पुढं करतात.

पण ज्यासाठी मी व्हॉट्सॲपला मार्क देतो ती गोष्ट वेगळी: आवाजाचा निरोप. आमच्या घरून बायकोच्या आवाजात जातो, अहिराणीत. ‘सकायमा साडेसहा वाजता गेटजोगे या. पोऱ्यासंगे डबा नि पानीनी बाटली द्या.’ वीस सेकंदांचं काम. आजी नातवाकडून तो तीनदा लावून घेते आणि मग गल्लीत सांगत सुटते. छापील मराठी ज्यांना सरकारी नोटिशीसारखी लांबची वाटते, त्या घरांत हा निरोप पोचतो. बायकोला आता बाजारात लोक आवाजावरून ओळखतात. तिला ते आवडतं, पण तसं म्हणत नाही.

पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून माहिती उघडली की कुणी वाचलं आणि कुणाकडे नुसतं पोचलंय ते दिसतं. रात्री नऊला ती यादी बघायची आणि ‘वाचलं’मध्ये नसलेल्यांना फोन लावायचा. मतदानाची सोयही चांगली: ‘हाइकला येणार / नाही येणार’. गाडी ठरवायला आकडा मिळतो. महत्त्वाचा निरोप वर पिन करून ठेवता येतो. फोटोंचं मात्र सांभाळा. शिबिरात अंघोळीला रांगेत उभ्या पोरांचे फोटो कुणी हौसेनं टाकले, तर ते कुठं कुठं फिरतील याला धरबंध नाही. आम्ही वर्षाच्या सुरुवातीच्या संमतीपत्रातच फोटोची वेगळी ओळ घातली आहे, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं पोरगं फोटोत घेत नाही.

आता ज्या घरी कीपॅडचा फोन आहे त्यांचं काय? ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, तिनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली पॅकं काढायला लावली. आयांना, म्हाताऱ्यांना तीच पॅकं पुरतात, म्हणजे त्या घरात नेट नाही. तिथं एसएमएस. पण मराठी एसएमएसला ७० अक्षरांची मर्यादा, इंग्रजीला १६०. काना, मात्रा, वेलांटी सगळं मोजलं जातं, त्यामुळे ‘अमळनेर’ लिहितानाही हात आखडतो. मोठा निरोप दोन-तीन एसएमएसचे पैसे खातो. वर शाळेच्या नावानं ठोक एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नावाच्या फोन कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एका पथकासाठी एवढा खटाटोप कुणी करू नये. आणि काही जुन्या कीपॅड फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटतात, ते वेगळंच.

म्हणून चिठ्ठी. हसू नका. शुक्रवारी सर मजकूर फळ्यावर लिहितात, मुलं तो स्वतःच्या हातानं उतरवतात आणि घरी सही घेऊन येतात. अमळनेरला हातानं लिहिण्याचं नावीन्य नाही. साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात असताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. आणि स्काउटमध्ये तर माणसांची साखळी मुळातच बांधलेली आहे. १९०७ मध्ये स्काउट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल यानं इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाच मुलांचे चार संघ केले होते. आजही सहा ते आठ मुलांचा संघ आणि त्यावर एक संघनायक. निरोपाची जबाबदारी त्या संघनायकावर टाका. आमच्या एका संघनायकाचं घर पैलाडला आहे. शनिवारी संध्याकाळी सायकल काढून तो संघातल्या पोरांच्या दारावरून चक्कर मारतो, आईकडून ‘हो, कळलं’ घेतो आणि सरांना एकच मिस कॉल देतो. मिस कॉल म्हणजे संघ पूर्ण. ॲपचं हिरवं ‘पाठवले’ आणि हा मिस कॉल यांत मी कशावर भरवसा ठेवतो ते सांगायची गरज नाही. सोपान चाचणीत अशा कामाला गुण मिळावेत असं माझं मत आहे. सर म्हणतात, अभ्यासक्रम मी ठरवत नाही.

साधन कोणतंही घ्या, मजकूर मात्र नीट हवा. आमचा आता असा असतो:

‘रविवार, २२ फेब्रुवारी. चिंतन दिन. पारोळा किल्ला. सकाळी साडेसहा, शाळेचं गेट. परत संध्याकाळी पाच, तिथंच. डबा, पाणी, टोपी, दोरी. पैसे नकोत. अडचण आली तर सरांना फोन.’

वार आधी, कारण घरात तारीख कुणी बघत नाही, वार बघतात. परतीची वेळ तर हवीच. पूर्वीच्या निरोपांत ती नसायची आणि दुपारी तीनपासून सरांचा फोन तापायचा. ‘पैसे नकोत’ हे दोन शब्द पण गाळू नका. ते नसले की गरिबाचं पोरगं त्या दिवशी आजारी पडतं. दोरी लिहिली नाही तर पोरं आईच्या साडीच्या काठावर गाठी शिकतात, हाही अनुभव आहे.

वेळ बदलली तर जुन्या निरोपात दुरुस्ती करू नका, भले पंधरा मिनिटांच्या आत तशी सोय असली तरी. ज्यानं आधीचा वाचलाय तो परत वर जाऊन बघत नाही. नवा निरोप टाका, पहिला शब्द ‘बदल’. आणि संध्याकाळी सातनंतर वेळ बदलूच नका. कापूस वेचून आलेली बाई सातला चूल पेटवते आणि नऊला आडवी होते.

तर माझे तारे असे. विकतच्या ॲपला पाचपैकी दोन; ते दोनही पावत्या आणि वेळापत्रकासाठी. ज्या शहरी शाळेत आई-बाप दोघांकडे चांगले फोन आहेत, तिथं तिसरा तारा द्या. व्हॉट्सॲपच्या घोषणा ग्रुपला, आवाजाच्या निरोपासकट, चार. ठोक एसएमएसला एक. चिठ्ठी आणि संघनायकाला साडेचार. अर्धा कापला, कारण चिठ्ठी कधीकधी चड्डीच्या खिशात राहून धुण्यात जाते.

मध्यंतरी ॲपवाल्यांचा माणूस वर्गणी वाढवून घ्यायला आला होता. मुख्याध्यापकांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, एका मुलामागे दोन नंबर घालता येतील का, एक सुरतचा आणि एक घरचा? त्यानं वहीत लिहून घेतलं. आवाजाचा निरोप? तेही लिहून घेतलं. तारीख आपल्या पद्धतीनं? लिहून घेतलं. मग त्याच्याच फोनची काच तडकलेली होती, ती बदलून घेतली आणि गेला. या तिन्ही गोष्टी झाल्या तर दोनाचे साडेतीन करीन.