पीएमला (पोस्टमॉर्टेमला) हार्ट: वजन करायचं की भिंत मोजायची?

नव्या रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) लोकांचा हा प्रश्न ठरलेला. दोन्ही घ्या हे उत्तर बरोबरच आहे, पण रिपोर्ट लिहिताना भरवसा कशावर ठेवायचा म्हणाल तर माझं मत वजनाला.

भिंतीची जाडी मोजणं सोपं वाटतं. मायट्रल व्हॉल्व्हच्या (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप) खाली एक-दोन सेंमीवर, पॅपिलरी मसल आणि ट्रॅबेक्युली (आत डोकावणारे स्नायूंचे उंचवटे) सोडून पट्टी लावायची, डावी भिंत साधारण १.२ ते १.५ सेंमी आणि उजवी ०.३ ते ०.५. पण रायगर (मेल्यावर स्नायू ताठरणं) असला की डावं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) आवळलेलं असतं, भिंत जाड दिसते आणि आपण हायपरट्रॉफी (स्नायू वाढून जाड झालेला) लिहून मोकळे. याच्या उलट गंमत म्हणजे हार्ट फुगलेलं असेल तर भिंत ताणून पातळ होते, पट्टीवर १.३ येतं, वाटतं सगळं नॉर्मल, आणि काट्यावर ठेवलं की ५५० ग्रॅम!

काट्याचेही नखरे आहेतच. कप्पे उघडून गुठळ्या धुवून काढल्याशिवाय वजन करायचंच नाही, नाहीतर रक्ताचंच वजन होतं, आणि मोठ्या रक्तवाहिन्या किती लांब ठेवल्या त्यानेही आकडा हलतो. शिवाय "पुरुष ३०० ते ३५०, बाई २५० ते ३००" हे पाठ करून भागत नाही. १९२८ चा स्मिथचा जुना हिशोब आहे, पुरुषात शरीराच्या वजनाच्या ०.४३ टक्के, बाईत ०.४०. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३०० ग्रॅम ठीक, पण ४५ किलोच्या बाईला तेच ३०० म्हणजे जड हार्ट झालं की राव, आणि पाठांतरवाला त्याला नॉर्मल म्हणणार.

उजव्या बाजूला मात्र एकूण वजन फसवतं. कॉर पल्मोनालेची (फुप्फुसाच्या आजाराने उजव्या बाजूवर आलेला ताण) शंका असेल तर फुल्टनची पद्धत, उजवी भिंत वेगळी कापून तोलायची आणि डावं सेप्टमसकट (मधल्या पडद्यासकट) वेगळं. वेळखाऊ आहे, रोज कोणी करत नाही.

कापायचं कसं तेही आधीच ठरवा. इन्फार्क्टची (रक्त न मिळून मेलेला स्नायू) शंका असेल तर एपेक्सकडून (खालच्या टोकाकडून) एकेक सेंमीचे आडवे स्लाइस, पण मधल्या पातळीपर्यंतच, वरचा भाग रक्ताच्या प्रवाहाने, म्हणजे रक्त वाहतं त्या वाटेने, उघडायचा म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत राहतात. व्हॉल्व्हचाच आजार वाटत असेल तर सगळंच प्रवाहाने.

आणि हो, बॉडीचं वजन लिहून ठेवा. आमच्याकडे बॉडी तोलायचा काटा बरेच दिवस बंद होता, तेव्हा निदान उंची तरी लिहायचो.