शिवीगाळ करणारा ग्राहक: पैसे परत करावेत, दावा लावावा की पोलिसांत जावे?

कोपरखैरण्याच्या घरातून मी गेली सहा वर्षे खणाच्या पर्स ऑनलाइन विकते. मागच्या दिवाळीआधी रात्री सव्वाअकरा वाजता एका ग्राहकाचा फोन आला. नंबर त्याला पार्सलवरच्या लेबलवरून मिळाला होता. ६४९ रुपयांच्या पर्सचा रंग फोटोपेक्षा गडद आहे, तेव्हा पैसे परत द्या आणि पर्सही मी ठेवणार, असे त्याचे म्हणणे होते. ॲपवरून रिटर्न टाका, असे मी सांगताच त्याने आईवरून शिवी दिली आणि "तुझा पत्ता आहे माझ्याकडे" असे म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कुर्त्या विकणाऱ्या ऐरोलीच्या ताई म्हणाल्या, "पैसे देऊन टाक, कटकट संपव." ठाण्याला जांभळी नाक्यावरच्या ज्या काकांकडून मी अस्तराचे कापड घेते, ते म्हणाले, "अजिबात सोडू नकोस." दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते, कारण त्या एका फोनमध्ये दोन वेगवेगळी प्रकरणे होती: एक मालाचे आणि दुसरे धमकीचे. ही दोन वेगळी केली नाहीत, तर घाबरून नको तिथे पैसे जातात किंवा रागाच्या भरात ग्राहकाचा खरा हक्क नाकारला जातो.

पैसे परत करण्याचा मार्ग सर्वांत सोपा आहे, आणि दोष आपला असेल तर तोच योग्य आहे. माल सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. ग्राहक कितीही उद्धट असला तरी त्याचा हा हक्क जात नाही. दोष नसतानाही कधी कधी हिशेब याच बाजूने झुकतो. त्या पर्सचा कापडासह शिलाईचा खर्च ३१० रुपये होता आणि तेवढ्यासाठी दोन संध्याकाळी घालवणे मला परवडत नाही. मात्र पैसे मंचाच्या, म्हणजे ज्या ॲपवर आपण विकतो त्याच्या, रिटर्न प्रक्रियेतूनच द्यावेत. यूपीआयने परस्पर देऊ नयेत आणि वाईट अभिप्राय काढून घेण्याच्या बदल्यात तर मुळीच देऊ नयेत. असा सौदा मोठ्या मंचांच्या नियमांत बसत नाही आणि कारवाई आपल्याच खात्यावर होऊ शकते.

मंचाकडे भरपाईचा दावा लावण्याचा मार्ग कष्टाचा आहे, पण माल बदलून, वापरून किंवा तोडून परत आला असेल तर त्याला पर्याय नाही. ॲमेझॉनवर त्याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ, म्हणजे सेलर प्रोटेक्शन फंड. इथे शिवीगाळीचा निवाडा होत नाही, फक्त मालाचा होतो, हे आधीच मनाशी धरावे. एकदा २४० ग्रॅमचे माझे पार्सल ११० ग्रॅमचे होऊन परत आले आणि आत रेक्झिनची जुनी पर्स निघाली, तिची चेनही तुटलेली होती. पहिला दावा फेटाळला गेला, कारण माझा व्हिडिओ टेप कापल्यानंतर सुरू होत होता. तेव्हापासून मोबाइल टेबलावर स्टँडला लावलेला असतो: आधी लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर, मग वजनकाट्यावरचा आकडा, मग सहाही बाजूंनी न कापलेली टेप, आणि त्यानंतरच कात्री, मध्ये रेकॉर्डिंग थांबवायचे नाही. पॅकिंग करतानाही असाच व्हिडिओ असेल, तर दाव्याला वजन येते. ग्राहकाशी बोलणेही मंचाच्या संदेशांतच ठेवावे, कारण व्हॉट्सॲपवर काय घडले याच्याशी मंचाला सहसा देणेघेणे नसते. दाव्याची मुदत प्रत्येक मंचाची वेगळी असते आणि ती चुकली की पुरावा असूनही हात रिकामे राहतात.

"ग्राहक न्यायालयात खेचीन" या वाक्याला घाबरू नये. ग्राहकाला त्याच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते हे खरे आहे, पण तिथेही मालाचेच कागद पाहिले जातात आणि ते आपल्याकडे असतातच.

पोलिसांचा मार्ग पैशांसाठी नाही, तो आपल्या सुरक्षिततेसाठी आहे. शरीराला, मालमत्तेला किंवा प्रतिष्ठेला इजा करण्याची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांसाठी कलम ७९ आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. साध्या धमकीची नोंद बऱ्याचदा अदखलपात्र, म्हणजे एनसी, म्हणून होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे लगेच अटक होईल या आशेने जाऊ नये. तरीही तोच माणूस पुन्हा फोन करतो किंवा दारात येतो तेव्हा पहिली नोंद फार उपयोगी पडते. रबाळे, वाशी, कोपरखैरणे ही पोलीस ठाणी नवी मुंबई आयुक्तालयात येतात, तर नौपाडा आणि वर्तकनगर ठाणे आयुक्तालयात. पण गुन्हा दखलपात्र असेल तर हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. स्क्रीनशॉट सोबत न्यावेत, पण मूळ संदेश आणि कॉल रेकॉर्डिंग ज्या मोबाइलमध्ये आहे तो जपून ठेवावा, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र द्यावे लागते. १९३० हा क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठी आहे. धमकीसाठी पोलीस ठाणे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल गाठावे आणि धोका समोर उभा असेल तर ११२ लावावा.

नुसती शिवी असेल, मागणी किंवा धमकी नसेल, तर मी एकच उत्तर लिहिते, "आपल्या तक्रारीवर मंचामार्फत कार्यवाही होईल," आणि नंबर ब्लॉक करते. शिवीला शिवीने उत्तर दिले की पुढे कुठेही दाखवायचा आपलाच पुरावा खराब होतो, म्हणून इतका राग येऊनही मी तो मोह टाळते. पत्त्याचा, घरच्या माणसांचा किंवा अंगावर येण्याचा उल्लेख झाला, तर मात्र रक्कम कितीही लहान असो, पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा, आणि रिटर्नचे काम त्याच्या नियमाने चालू ठेवावे.

त्या ग्राहकाच्या बाबतीत मी दोन्ही केले. फोनच्या दुसऱ्याच दिवशी भावाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि एनसीची प्रत घेतली. नंतर त्याने ॲपवरून रिटर्न टाकला, पर्स सहा दिवसांनी टॅगसह जशीच्या तशी परत आली आणि ६४९ रुपये त्याला परत मिळाले. लेबलवर आता फक्त धंद्यासाठी घेतलेल्या सिमचा नंबर असतो आणि रात्री आठनंतर तो मोबाइल बंद असतो.