कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एक संशोधन-मार्गदर्शन गट : सहा महिन्यांचा अनुभव

अभियांत्रिकी महाविद्यालयात अकरा वर्षे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवल्यावर मी पीएच.डी.ला बसलो, तेव्हा तुळईतील ताण विद्यार्थ्यांना का कळत नाही, हाच विषय घेतला. या विषयाला मार्गदर्शक शोधणे किती अवघड आहे याची तेव्हा कल्पना नव्हती. अभियांत्रिकी कशी शिकवली आणि शिकली जाते, याच्या अभ्यासाला ‘अभियांत्रिकी शिक्षण’ म्हणतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग २००४ साली सुरू झाला; आपल्याकडे मात्र हा विषय बहुतेक प्राध्यापकांना एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, फायली भरतानाच भेटतो. या विषयाला वाहिलेले एक नियतकालिक वाळवा तालुक्यातील राजारामनगरहून निघते, हेही मला या गटात गेल्यावर समजले. घरापासून तासाभराच्या अंतरावरची ही गोष्ट, आणि आपण परदेशी जर्नलांची यादी घेऊन बसलेलो!

गट छोटा आहे. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एम.टेक. आणि पीएच.डी.चे मिळून दहा विद्यार्थी आणि दोन मार्गदर्शक. सहा महिन्यांची फी साडेचार हजार रुपये. पंखे दोन, त्यातला एक चालतो.

मी पहिल्या दिवशी साठ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन गेलो होतो, आणि तीत ‘तुमची शिकण्याची शैली कोणती’ हा भाग मोठ्या हौसेने घातला होता. दोन मार्गदर्शकांपैकी एक असलेल्या मॅडमनी ती पाने शांतपणे वाचली आणि विचारले, “एखादा मुलगा दृश्य शैलीचा निघाला, तर सोमवारी वर्गात तुम्ही काय वेगळे करणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते, या समजुतीला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ च्या एका गाजलेल्या आढाव्यात मांडले गेले आहे. तो त्यांनी वाचायला दिला आणि पुढच्या शनिवारी किमान पाच मुलांच्या मुलाखती घेऊन यायला सांगितले.

या गटाचे खरे मोल मला त्या मुलाखतींवर काम करताना कळले. दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी म्हणाला होता, “सर, आकृती काढली की डोकं चालतंय, सूत्र बघितलं की बंद पडतंय.” मी त्यावर ‘गणिताची भीती’ असा संकेत, म्हणजे वाक्याचा आशय सांगणारे छोटे नाव, लिहून मोकळा झालो. मॅडमनी वाक्यावर पेन्सिल ठेवली. “यात भीती कुठे आहे ते दाखवा.” भीती कुठेच नव्हती; ती मी माझ्या अकरा वर्षांच्या अनुभवातून घातली होती. मुलगा आकृतीतून सूत्राकडे जाताना कुठे अडतो ते सांगत होता, आणि मला हवे होते नेमके तेच. पुढे चाळीस उतारे मी आणि एका सहाध्यायी मुलीने स्वतंत्रपणे वाचून संकेत दिले, तेव्हा एकोणतीस जुळले. मी खूश झालो. पण नुसत्या योगायोगानेही काही संकेत जुळतातच, तो भाग वजा करणारा कोहेन यांचा ‘कप्पा’ (kappa) हा गुणांक काढल्यावर आकडा ०.५ च्या आसपास आला (पूर्ण जुळले तर तो १ येतो) आणि आम्ही संकेतांच्या व्याख्या पुन्हा लिहायला बसलो. याला तीन शनिवार गेले. एवढ्या धीराने दुसऱ्याच्या कच्च्या माहितीशेजारी बसणारा माणूस मी एरवी पाहिलेला नाही.

आकडेवारीची बाजू दुसरे मार्गदर्शक सांभाळतात, आणि तेही उत्तम शिकवतात. शिकवण्याआधी आणि नंतर घेतलेल्या चाचणीत एका वर्गाची सरासरी शंभरपैकी ४० वरून ७० वर गेली आणि दुसऱ्याची ८० वरून ९० वर, तर पहिलाच वर्ग जास्त शिकला असे मी म्हटले असते. शिल्लक राहिलेल्या गुणांपैकी किती मिळवले, असे पाहिले की दोन्हीकडे ०.५ येते. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी हेच माप वापरून १९९८ साली भौतिकशास्त्राच्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांची तुलना केली होती.

आता तक्रार. मुलाखतींपर्यंत बोट धरून नेणारा हा गट पहिला मसुदा हाती आला की विद्यार्थ्याला सोडून देतो. माझ्या शोधनिबंधावरील अभिप्राय सात आठवड्यांनी आला, तोही चार ओळींचा, आणि तोवर परिषदेची मुदत उलटून गेली होती. मुलाखती मराठीत आणि निबंध इंग्रजीत, मग ‘डोकं बंद पडतंय’ याचे भाषांतर कसे करावे, मूळ वाक्य सोबत छापावे की नाही, यावर एकही सत्र झाले नाही. कोल्हापूरच्या वर्गांवर संशोधन करणाऱ्याला हा प्रश्न रोजचा आहे. शिवाय, मी विचारल्यावरच मुलाखतींपूर्वी घ्यायच्या संमतिपत्राचा नमुना मिळाला. तो पहिल्याच शनिवारी हातात पडायला हवा होता, कारण आपल्याच विद्यार्थ्याची मुलाखत घेताना त्याचे अंतर्गत गुणही आपल्याच हातात असतात.

स्वतःची माहिती गोळा करायची तयारी असेल त्याने अवश्य जावे. पदोन्नतीसाठी जूनपर्यंत निबंध छापून हवा असणाऱ्याने फी भरू नये. मी पुढच्या सहा महिन्यांचे पैसे भरले आहेत. मसुद्यावरील अभिप्राय पंधरा दिवसांत मिळेल, असे या वेळी लिहून घेतले आहे.