सॅन स्टॉर्ममध्ये डस्टरचं इंजिन : नऊ महिने, 6,400 किलोमीटर आणि बॉनेटवरचं एक टेंगूळ

कणकुंबीच्या अलीकडे भर पावसात गाडी तीन सिलेंडरवर आली, तेव्हाच ठरवलं की घरी पोचलो तर हे लिहायचं. पोचलो.

सॅन स्टॉर्म काय चीज आहे ते सांगत बसत नाही. गोव्यात बनलेली, फायबरची, दोन सीटची, कापडी टपाची. बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलो की पोरं अजून "फेरारी, फेरारी" ओरडतात आणि एखादे काका काचेत डोकावून विचारतात, "केवढ्याला घेतला ओ?" सोंग फेरारीचं, आत मात्र रेनॉचं 1149 सीसी इंजिन आणि साठेक घोडे. वंटमुरी घाटात मागून येणारी डिझेल स्विफ्ट लाइट मारून पुढे जायची. शेजारी बायको असेल तर ती मुद्दाम माझ्याकडे बघायची.

जुन्या इंजिनाने तेल प्यायला सुरुवात केली तेव्हा दोन रस्ते होते. तेच बोअर करून (सिलेंडर घासून दुरुस्त) घ्यायचं किंवा दुसरं बसवायचं. एका भंगारवाल्याकडे ठोकलेली पेट्रोल डस्टर, रेनॉची एसयूव्ही, आली होती. 1598 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, 102 घोडे, आणि घराणंही स्टॉर्मच्या जुन्या इंजिनाचंच, रेनॉचं. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं 62 हजारांना ठरलं. मला वाटलं मोठा खर्च इथेच संपला.

वहीत लिहिलेले आकडे असे : बसवण्याची मजुरी 45 हजार, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते) आणि एक्सलचं लेथकाम साडेअठरा, रेडिएटर-फॅन नऊ, सायलेन्सरचा पाइप साडेसात, बॉनेटचं फायबरकाम 4,200. किरकोळ धरून दीड लाखाच्या वर गेलं. ज्याच्यासाठी हे सगळं, ते इंजिन निम्म्यातही नाही.

लेथकामाला मात्र नाव ठेवणार नाही. उद्यमबागेत लोखंडाचं काय वाट्टेल ते करून देणारी माणसं आहेत. एका टोकाला डस्टरचा एक्सल, दुसऱ्या टोकाला स्टॉर्मचा, मधे नवा तुकडा, असा जोडएक्सल एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दीड दिवसात करून दिला. वर म्हणाले, "सावकाश चालवा की ओ, तुटला तर माझं नाव सांगू नका." नऊ महिन्यांत त्यातून कट्‌ असा आवाजसुद्धा आलेला नाही.

डोकं उठलं ते गॅरेजमध्ये, इसीएमवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरवर. इंजिन खाली बसलं, वायरी जोडल्या, चावी फिरवली. स्टार्टर गरगर फिरला, इंजिन पेटेना. पेट्रोल येतंय, बॅटरी नवी, तरी नाही. अकरा दिवसांनी उलगडलं : डस्टरचा इसीएम, इमोबिलायझरचा (चोरी रोखणारा) डबा आणि चावी एकमेकांना ओळखतात. तिघांतलं एक जरी दुसऱ्या गाडीचं असलं तर इंजिन सुरूच होऊ देत नाहीत. चावी आणि डबा भंगारवाल्याकडेच राहिले होते. "हे आधी का नाही बघितलं?" विचारलं तर गॅरेजवाला म्हणतो, "तुम्हीच घाई केलासा." परत चक्कर, वर 2,800 रुपये. म्हणून सांगतो, इंजिन उचलताना त्याच गाडीची चावी आधी खिशात टाका, मग पैसे मोजा.

चालवायला कशी आहे? पहिला महिना मी वेडा झालो होतो. स्टॉर्मचं अंग हलकं, त्यात हा जोर. खानापूर रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय ठेवला तरी पाठ सीटला चिकटते. वंटमुरीत आता मी लाइट मारतो. दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की स्टेअरिंग उजवीकडे ओढतं, कारण डावा एक्सल आखूड आणि उजवा लांब. दोन्ही हात जागेवर ठेवायचे एवढंच. नाक जड झाल्यामुळे पुढच्या स्प्रिंगा दबल्या, जांबोटी रस्त्याचे स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात. ब्रेक अजून जुनेच आहेत, त्यांचं काम आधी करायला हवं होतं. अॅव्हरेज पंधरावरून साडेदहावर आलं. घाटात नऊ. पंपावर मी आकड्याकडे न बघता हवा भरण्याच्या नळीकडे बघतो.

आता टेंगूळ.

डस्टरचं इंजिन उंच आहे. बॉनेट लावायला गेलो तर इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकलं आणि चार बोटं फट राहिली. मग शहापुरातला एक फायबरवाला गाठला. एरवी तो टाक्या आणि गणपतीच्या आराशीचे खांब करतो. त्याने बॉनेट कापून मधोमध फुगवटा काढून दिला. फोटोत बरा दिसतो. समोर उभं राहिलं की दाराच्या चौकटीवर डोकं आपटलेल्या पोराच्या कपाळासारखा दिसतो. रंग जुळला नाही, बाकी गाडी लाल आणि टेंगूळ विटकरी. नऊ महिन्यांत एकाही माणसाने मला 102 घोड्यांबद्दल विचारलं नाही. सगळे विचारतात, "हे वर काय आलंय?"

दिसण्याचं सोसलं असतं. जुलैत गोव्यात साखळी गावाला मेहुण्याकडे निघालो होतो, चोर्ला घाटाने. जांबोटी सोडली आणि पाऊस असा लागला की वायपर नुसती हजेरी लावत होते. गाडी अचानक मिसिंग मारायला लागली, एक सिलेंडर पेटेना. कणकुंबीला एका चहाच्या टपरीच्या आडोशाला घेतली, बॉनेट उघडलं. या इंजिनात प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र पेन्सिल कॉईल असते, प्लगच्या विहिरीसारख्या खोल भोकात उतरलेली. तिसरी कॉईल उपसली तर तिच्या रबराबरोबर तांबूस पाणी वर आलं, विहीर काठोकाठ. बोट घातलं तर गरम. वर बघितलं : टेंगळाच्या कडेला केसाएवढी चीर, आणि थेंब नेमका तिसऱ्या कॉईलवर. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते हे शाळेत पाठ केलं होतं, तिचा एक झरा माझ्या इंजिनात निघेल असं वाटलं नव्हतं.

रुमालाची वात करून विहीर कोरडी केली. टपरीवाल्या मावशींनी कॉईल चुलीच्या कडेला ठेवायला दिली. "जवळ नको, वितळंल," हेही त्यांनीच सांगितलं. दोन चहा होईपर्यंत ती सुकली आणि गाडी चार सिलेंडरवर आली. साखळी राहिली, उलटा बेळगावला आलो.

इथवर लिहून फायबरवाल्याच्या नावाने मी आणखी दोन परिच्छेद पाडले होते. ते काढून टाकले. चार दिवसांनी त्याच्याकडे भांडायला गेलो, पुरावा म्हणून वही घेऊन. त्याने शांतपणे पान उघडायला लावलं. माझ्याच अक्षरात : "फायबर मॅट तीनऐवजी दोन थर, 900 वाचले." नऊशेच्या पुढे मी उद्गारचिन्हही काढलं होतं. तो म्हणाला, "तवाच सांगितलो होतो मामा, इंजनाची धग आणि थरथर दोन थराला सोसत नाही." मी चहा घेतला आणि परत आलो. त्या नऊशेपायी नवी कॉईल 1,900 ची बसली, साखळीची फेरी बुडाली, मेहुण्याचे टोमणे वेगळे.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण हे वाचून कुणीतरी उद्याच भंगारवाल्याकडे जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असं इंजिन घालायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते, नंतर आरसीवर नवा इंजिन नंबर. कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. विमावाल्याला न कळवता ठोकली तर क्लेम विसरा. मी उलटं केलं, आधी इंजिन आणि मग अर्ज. कानडी अर्ज शेजारच्या पोराकडून भरून घेतला. उत्तर यायचं आहे, आणि नाही आलं तर जुनं इंजिन अजून माळ्याखाली पोत्यात बांधून ठेवलंय.

इंजिनाला पाचपैकी साडेचार. गाडीला मिळून तीन. अर्धा गुण फक्त टेंगळाचा कापलाय.

तिसरा थर द्यायला फायबरवाला तयार आहे, 1,400 म्हणतो, पण आराशीच्या कामातून तो अनंत चतुर्दशीपर्यंत मोकळा होत नाही. तोवर चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून फिरतोय. ढग आले की स्कूटर काढतो.